देवघरातली बरणी

आमच्याकडे पान वाढायला सुरुवात मिठापासून होते. ताटाच्या वरच्या अंगाला, मधोमध, चिमूटभर मीठ. मग डावीकडे चटणी, उजवीकडे भाजी, आणि शेवटी भात. लग्न होऊन मी वैनगंगेच्या काठच्या या गावात आले, तेव्हा पहिल्याच दिवशी सासूबाईंनी माझा हात धरून थांबवला होता, कारण मी मिठाच्या आधी भात वाढायला निघाले होते. "मिठाबिगर पान आंधळं रायते, पोरी," त्या म्हणाल्या. मी मनात म्हटलं, आता आयुष्यभर हेच ऐकायचं.

माझ्या यजमानांना ते चिमूटभर कधी पुरलं नाही. भातावर मीठ, ताकात मीठ, कैरीवर, काकडीवर, आणि काही नसलं तर नुसतं बोटाला लावून. ते बांबूच्या ठेकेदाराकडे मुन्शी होते. दिवसभर जंगलात उभं राहून मोळ्या मोजायच्या, घाम गाळायचा, आणि घरी आल्यावर ताटावर बसून म्हणायचं, "अवं, मीठ आण." मीठ समोर असतानाही म्हणायचं. मी चिडायची, ते हसायचे. आमचा संसार असा होता, फार वाईट नव्हता.

चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ते एकदा भर दुपारी जंगलातून घरी आले, ते नाकाला रुमाल धरून. घोळणा फुटला असेल म्हणून मी कांदा फोडून नाकाशी धरला, डोक्यावर पाणी ओतलं. रक्त थांबेना. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता. माझे सासरे असेच गेले होते. आधी नाकातून रक्त, मग काही दिवसांनी अंगावरून वारं गेलं, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि घोरत घोरत जीव गेला. तेव्हा यजमान अंगणात खेळायच्या वयाचे होते. सासूबाईंनी धानाच्या बांध्या स्वतः कसून एकट्या पोराला वाढवलं होतं. "बापाचंच रक्त आहे," एवढंच त्या बोलल्या आणि गाडी जुंपायला सांगितली.

नदीला पाणी कमी होतं. पात्रातून बैलगाडी घातली, पलीकडे मोटार पकडली आणि मूल गावावरून चांदा गाठलं. जटपुरा दरवाज्याच्या आत एका डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांनी यजमानांच्या दंडाला पट्टा बांधला, रबराचा गोळा दाबत दाबत पाऱ्याकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "रक्ताचा दाब फार आहे."

"म्हनजे रक्त जास्त झालं काय?" सासूबाईंनी विचारलं.

डॉक्टर स्वतः तलावाच्या गावचे होते. त्यांनी आम्हाला कळेल असं समजावलं. "तुमच्या गावाला तलाव असेल ना, बाई? पाट ओल्या मातीचा असला, की पाणी जोरात आलं तरी सोसतो. तोच पाट वाळून कडक झाला, आकसला, आणि वरून तलाव तुडुंब भरला, तर काय होईल?"

"पाळ फुटंन," सासूबाई ताबडतोब म्हणाल्या.

"तसंच आहे. यांच्या रक्ताच्या नळ्या कडक होत चालल्या आहेत. मीठ खाल्लं की अंगात पाणी धरतं, आणि पाण्याचा जोर त्या नळ्यांवर येतो. म्हणून मीठ बंद. चिमूटभरसुद्धा नाही. सर्पगंधेच्या गोळ्या देतो, त्या रोज घ्यायच्या."

यजमानांना त्यातही गंमत वाटली. सर्पगंधेची मुळं आमच्याच जंगलातून पोत्यांनी जायची. "आमचंच मूळ आमालेच इकून राह्यले," ते म्हणाले. सासूबाईंना गंमत सुचत नव्हती. त्यांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, आमच्या घरी उपासतापास बहुत. ते चालतीन काय?"

"चालतील काय, चांगलेच आहेत. पोट हलकं राहील, वजन उतरेल, नळ्यांना विसावा मिळेल. करा उपवास."

हे वाक्य सासूबाईंनी देवाच्या अंगाऱ्यासारखं जपून गावी आणलं. डॉक्टर खोटं बोलले नव्हते. आजही कोणी विचारलं तर मी म्हणेन, त्या माणसाने खरं तेच सांगितलं.

घरी आल्याबरोबर मी चुलीजवळच्या फळीवरची मिठाची बरणी उचलली आणि गोठ्यात नेऊन ठेवली. बैलांच्या पेंडेत घालायला मीठ लागायचंच, तिथे संपू दे. यजमानांना वास लागू नये, मोह होऊ नये म्हणून आम्ही दोघींनीही मीठ सोडलं. सारं घर अळणी झालं. ताटातली वरची जागा रिकामी राहू लागली आणि वाढताना दर वेळी माझा हात तिथे जाऊन परत यायचा.

पहिले काही दिवस त्यांनी निमूट खाल्लं. मग घास तोंडात घोळवू लागले. मग ओकाऱ्या सुरू झाल्या. एका दुपारी त्यांनी ताट हातानं दूर सारलं, असं की भात जमिनीवर सांडला.

"पिंडाचा भात वाढून राह्यली काय मले? मेलो नाई मी अजून!"

पिंडाच्या भातात मीठ नसतं, हे कोणाला सांगायला नको. सासूबाई उठून बाहेर गेल्या. मी खाली सांडलेली शितं वेचत बसले आणि वेचता वेचता यजमानांना खूप बोलले. काय बोलले ते लिहिण्याजोगं नाही. पण मला भीती वाटत होती आणि भीती वाटली की माझं तोंड सुटतं. मीठ दिलं तर पाळ फुटेल. नाही दिलं तर माणूस डोळ्यांदेखत आटत चालला होता. पायजमा नाडीत गोळा व्हायला लागला. ठेकेदाराकडे जाणं बंद झालं. गोळीनं नाक चोंदायचं, आणि ते ओसरीवर तासन्‌तास भिंतीकडे पाहत बसून राहायचे. बोलका माणूस तो, त्याला असं पाहवत नव्हतं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ना, तसे दिवस होते.

आषाढी एकादशी आली. सासूबाई सकाळी अंघोळ करून देवघरात गेल्या आणि बऱ्याच वेळाने बाहेर आल्या, त्या एक बरणी हातात घेऊन. चिनी मातीची, झाकणावर फडकं बांधलेली. उपवासाचं सामान आमच्याकडे वेगळं असे. भगर, शेंगदाणे, वाळलेल्या शिंगाड्यांचं पीठ आणि शेंदेलोण, हे सगळं देवाच्या फळीवर. रोजच्या मिठामसाल्याचा त्याला स्पर्श होऊ द्यायचा नाही. बरणीत शेंदेलोणाचे खडे होते, फिकट गुलाबी, गारगोटीसारखे.

"बापू आजपासून चातुर्मास धरंन," त्या यजमानांकडे बघून म्हणाल्या. "कार्तिकीवरी उपासाचंच खाईन. भगर, रताळं, शिंगाडे. डॉक्टरनं सांगतलंच आहे, उपास चांगला. मीठ नाई, आन् धरमही होते. शेंदेलोण चालते उपासाले."

मी विचारलं. मी विचारलं होतं, हे मला नीट आठवतं. "बाई, तेही खारटच लागते ना?"

"चिंच आंबट लागते म्हून तिले कोनी निंबू म्हनते काय?" त्या म्हणाल्या. "उपासाले मीठ चालत नाई. हे चालते. मंग हे मीठ कसं राहीन?"

आज वाचणाऱ्याला हसू येईल. येऊ दे. पण या प्रश्नाला तेव्हा आमच्या गावात कोणापाशी उत्तर नव्हतं. देवळाच्या पुजाऱ्याने मान डोलावली. शाळेचे मास्तर म्हणाले, सैंधव सात्त्विक असतं. पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या खड्याएवढ्या तुकड्यावर आम्ही एकादशा काढल्या, ते वेगळं आणि मीठ वेगळं, याबद्दल कोणाच्या मनात शंकाच नव्हती. धर्मानेच ते वेगळं काढून देवाजवळ ठेवलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला उत्तर नकोच होतं. मला माझा माणूस जेवताना पाहायचा होता.

सासूबाईंनी खल घेतला आणि खडे कुटले. मी भगर शिजवली, शेंगदाण्यांची आमटी केली, हिरवी मिरची आणि जिरं घातलं. यजमानांनी पहिला घास घेतला. थांबले. मग असे जेवले की मी दोनदा भगर वाढली, तिसऱ्यांदा पातेलंच पुढे ठेवलं. आमटी ओरपताना त्यांच्या कपाळावर घाम आला, जुना, ओळखीचा घाम. "माय," ते म्हणाले, "जीवात जीव आला वो." सासूबाई देवापुढे आडव्या झाल्या. मीही नमस्कार केला, आणि मी काही फार देवभोळी नव्हे.

त्या पावसाळ्यात नदी फुगली ती फुगलीच. पलीकडे जाणं बंद झालं. आमच्या घरात मात्र रोज एकादशी होती. सासूबाई सकाळी उठून खल घ्यायच्या आणि मन लावून शेंदेलोण कुटायच्या. तो ठणठण आवाज पावसाच्या आवाजातही ऐकू यायचा. बरणी संपली की बाजारच्या दिवशी गडचिरोलीहून दुसरी भरून यायची. उकडलेल्या रताळ्यावर शेंदेलोण, ताकात शेंदेलोण, भाजलेल्या शिंगाड्यांवरही. यजमानांची जुनी सवय परत आली होती, फक्त हाक बदलली. "अवं, शेंदेलोण आण."

अंग भरलं. आम्हाला वाटलं, प्रकृती सुधारली. मग पावलं सुजली, इतकी की वहाणेचा पट्टा पायात रुतायचा. मग मानेच्या मागे ठणका लागला. सकाळी उठले की दोन्ही हातांनी डोकं धरून बसायचे. शेजारपाजारचे म्हणाले, उपवासाचा अशक्तपणा आहे, अजून खायला घाला. आम्ही अजून खायला घातलं. सासूबाईंनी स्वतःवर निर्बंध वाढवले. वहाणा सोडल्या, अंथरूण सोडलं, सोमवारी पाणीही घेईनात. म्हातारीचे हाल बघवत नव्हते. मी देवाला शिव्या देत होते, त्या देवाला पदर पसरत होत्या, आणि दोघींमधून तो माणूस हळूहळू चालला होता.

भाद्रपदात पाणी जरा उतरल्यावर आम्ही डोंग्यातून नदी ओलांडली आणि चांद्याला गेलो. डॉक्टरांनी पट्टा बांधला, पाऱ्याकडे पाहिलं आणि त्यांची भुवई चढली.

"मीठ खाता?"

"नाई," यजमान म्हणाले.

"खरं सांगा. लोणचं? पापड? सुकी मासोळी?"

सासूबाई पुढे झाल्या. "डॉक्टरसाहेब, मिठाची बरनी गोठ्यात आहे. माह्या पोराच्या पोटात मिठाचा कन गेला असंन तं इठ्ठल मले पाहून घेईन. उपास चालू आहे त्याचा, आषाढीपासून."

शपथ खरी होती. डॉक्टरांनी पुन्हा पट्टा बांधून पाहिलं. मग गोळ्या वाढवून दिल्या आणि म्हणाले, "उपवास चालू ठेवा. दिवाळीनंतर इथेच आणून ठेवा, मी रोज बघेन." आम्ही परत निघालो. डोंग्यात बसल्यावर यजमान माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमी दोघी एवढं करून राह्यल्या. मीच काऊन नाई सुधरून राह्यलो?" मी त्यांच्या सुजलेल्या पायांवर घोंगडं ओढलं.

दिवाळीनंतर आम्ही तिघं चांद्याला गेलो. दवाखान्यामागे डॉक्टरांची एक खोली होती, ती त्यांनी आम्हाला दिली. शेगडी, चार भांडी, आणि अर्थातच देवाच्या फळीवरची बरणी आम्ही बरोबर आणली होती. वाढवलेल्या गोळ्या चालू होत्या, डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येत होते, आणि पारा काही खाली येत नव्हता. ते आता आमच्याशी कमी बोलायचे. मला त्यांच्या डोळ्यांत तीच भीती दिसायची जी सासूबाईंच्या डोळ्यांत होती.

कार्तिकी एकादशीच्या दिवशी डॉक्टर दुपारी आले. यजमान खाटेवर बसून जेवत होते. मी बटाट्याच्या भाजीवर शेंदेलोण भुरभुरत होते.

"ते काय घालता?"

"शेंदेलोण."

"आज एकादशी म्हणून?"

"नाई जी," मी म्हटलं. "रोजच. आषाढीपासून."

डॉक्टरांनी माझ्या हातातली वाटी घेतली. बोट बुडवून जिभेला लावलं. मग ते खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. "बाई," ते सासूबाईंना म्हणाले, "हे मीठच आहे. खाणीतून येतं म्हणून दगडासारखं दिसतं. पण मीठच."

"उपासाले चालते ते," सासूबाई म्हणाल्या.

"उपवासाला चालतं. पण शरीराला ते मीठच."

"उपासाले चालते," सासूबाई पुन्हा म्हणाल्या.

डॉक्टरांनी वाटी खाली ठेवली. "माझीही आज एकादशी आहे. सकाळी घरून हेच बटाटे खाऊन निघालो. हेच घातलेले. आणि इतके महिने मी तुम्हाला विचारतोय, मीठ खाता का. मलाही नाही सुचलं. आमच्याही घरात ते मिठाच्या फळीवर नसतं."

मग यजमान हसले. कित्येक महिन्यांत हसले नव्हते. "तरीच म्हनलं, माय," ते म्हणाले, "उपास एवढा गोड कसा लागून राह्यला." सासूबाई भिंतीला टेकून खाली बसत गेल्या. यजमानांनी मोठ्या कष्टाने उठून आईच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नोको. चार महिने पोटभर तं जेवलो."

बरणी त्याच दिवशी मी बांधून कोपऱ्यात ठेवली. संध्याकाळी अळणी भात केला. त्यांनी तो सगळा खाल्ला. पाणी काढायचं औषध डॉक्टरांनी टोचलं. सूज थोडी उतरली, पाराही थोडा उतरला, आणि मी, वेडी, पुन्हा आशा धरली. त्याच आठवड्यात एका सकाळी चहा पिताना त्यांच्या उजव्या हातातून कप निसटला. मी रागावून वळले, कपबशी डॉक्टरांच्या घरून मागून आणलेली होती, आणि पाहिलं तर तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. मग ते घोरणं सुरू झालं. मला ते झोपेचं वाटलं. सासूबाईंना आवाज ओळखीचा होता. त्या खोलीबाहेर जाऊन कानांवर पदर दाबून बसल्या आणि तो थांबेपर्यंत आत आल्या नाहीत.

चांद्यालाच इरई नदीच्या काठावर त्यांना अग्नी दिला. दहावा आमच्या नदीवर केला. पिंडाचा भात मीच शिजवला. तो अळणीच असतो. कावळा लगेच येऊन शिवला. सगळे म्हणाले, सुटला, काही इच्छा राहिली नव्हती. मला त्या कावळ्याचा राग आला. तो भात त्यांना कधीच गोड लागला नव्हता, आणि ते मेल्यावर त्यांच्या वतीने खाणारा तो कोण?

गावात दुसरंच बोललं जाऊ लागलं. चातुर्मास संपता संपता मोडला म्हणून देव कोपला, असं. शेंदेलोण बंद केलं तिथेच चुकलं, असं एक बाई माझ्या तोंडावर म्हणाली. मी तिला अंगणातून हाकलून दिलं. डॉक्टर म्हणाले होते की नळ्या आधीच खराब झाल्या होत्या, मीठ सुटलं असतं तरी कोण जाणे. ते खरंही असेल. पण मी सासूबाईंशी बोलणं सोडलं होतं. त्यांचा खलाचा आवाज माझ्या कानांतून जात नव्हता. त्यांनीही मला कधी एका शब्दाने विचारलं नाही की मी काऊन बोलत नाही. एका चुलीवर शिजवायचं, दोन कोपऱ्यांत बसून खायचं, असे दिवस गेले.

मार्गशीर्षातली एकादशी आली. सकाळी मी सवयीने सासूबाईंसाठी भगर धुतली, माझ्यापुरता भात टाकला. त्या गोठ्याकडे गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात मिठाची बरणी होती, तीच, उन्हाळ्यात मी नेऊन ठेवलेली. मग देवघरात जाऊन त्यांनी चांद्याहून परत आलेली शेंदेलोणाची बरणी आणली. दोन्ही घेऊन त्या यजमानांच्या पाटावर बसल्या. त्या पाटावर कोणी बसत नसे.

"भात वाढ," त्या म्हणाल्या.

"बाई, आज एकादशी आहे." कितीतरी दिवसांनी मी त्यांच्याशी बोलले.

"ठाऊक आहे मले. वाढ."

मी ताट घेतलं. हात आपोआप वरच्या जागेकडे गेला आणि थांबला. त्यांनी दोन्ही बरण्या उघडल्या. एकीतून चिमूट घेऊन ताटाच्या वर ठेवली, दुसरीतून घेऊन तिच्या शेजारी ठेवली. एक पांढरी, एक गुलाबी. साठ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी ती दोन्ही कधी एका ताटात ठेवली नव्हती. त्यांनी बोट एकीला लावलं, जिभेवर ठेवलं. डोळे मिटले. मग दुसरीला लावलं.

"सारखंच लागते वं," त्या म्हणाल्या.

मी भात वाढला. त्यांनी दोन्ही मिठं त्यात कालवली आणि देवघराकडे पाठ करून जेवायला सुरुवात केली.